बायकांचा आदर करणारे भोर साहेब

बाई केबिनमध्ये आली की भोर साहेब खुर्चीतून उठून उभे राहत. सुप्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्याचे ते मॅनेजर. नव्या मुली या आदराने भारावून जात. मीही गेले होते, त्याची आता लाज वाटते.

"ताई, तुमी बायका हाय म्हणून हा कारखाना चालतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. महिला दिनाला ते स्वतः गुलाब वाटत. मात्र इतक्या वर्षांत त्यांनी एकाही बाईला सुपरवायझर केलं नाही. विषय काढला की म्हणत, "शिफ्टचा ताप तुमाला कशाला? घर बघा, पोरं बघा." माझी पोरं कॉलेजात होती, स्वतःचा डबा स्वतः भरत होती, पण साहेबांच्या लेखी ती कायम पाळण्यातच.

मी तपासणी विभागात होते. सुपरवायझरच्या जागेसाठी दोन नावं पुढे आली, माझं आणि माझ्याच हाताखाली शिकलेल्या सचिनचं. जागा सचिनला मिळाली. त्या संध्याकाळी सावेडीला घरी पोचले, तर नवरा विचारतो, "काय ठरवलंस मग? सोमवारी तुझ्या साहेबांचा फोन आला होता. तुला सुपरवायझर केलं तर चालेल का, म्हणत होते. मी म्हटलं, तिलाच विचारा. विचारलं असेल ना?"

त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी तडक केबिनमध्ये गेले. साहेब उठून उभे राहिले.

"मला का विचारलं नाहीत?"

"ताई, मिस्टरांनी तुमच्यावर ढकललं. म्हंजे त्यांच्या मनात न्हाई, एवढं कळतं आमाला. तुमच्या संसारात बिब्बा घालायचं पाप मी कशाला घेऊ?"

हे ते अगदी मनापासून बोलत होते. लबाड माणसाचा निदान राग येतो. या माणसाची मला किळस आली.

यंदा ते निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात "मी बायकांवर कधी अन्याय केला न्हाई" म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. मग औक्षणासाठी माझं नाव पुकारलं. मी उठले, ताट घेतलं आणि सचिनच्या हातात दिलं. म्हटलं, "सुपरवायझर तुम्ही. तुम्हीच ओवाळा."

साहेब माझ्याजवळ आले आणि काळजीने, हळू आवाजात म्हणाले, "ताई, घरी काय झालंय का?"