चौकटीवरचा निळा अंगठा

मी कडूबाई, केडगावची. मनकर्णा म्हंजे माझ्या थोरल्या दिराची, सहादेव भावजींची लेक. तिचं सांगते, पर मधी कोनी बोलू नका, माझं डोकं फिरतं.

सत्तर सालच्या पंचमीची गोष्ट. आमच्यात पंचमीला लेक माहेरी येती. माहेरचा मानूस मुऱ्हाळी म्हनून जातो आन् तिला घिऊन येतो. भावजी सोता गेल्ते नगरला. जावई राधाकृष्ण तिथं सरकारी हापिसात कारकून. सासूनं वटी भरली, जावई कोपऱ्यापर्यंत पोचवायला आला, "आठ दिसांनी न्यायला येतो," म्हनला.

आला की! पंधरा दिसांनी, टाईप केलेला इंग्रजी कागद घिऊन. म्हनला, रेशनकार्डात नाव चढवायचंय. मनकर्णा मराठी चौथी शिकलेली, ती म्हनली, सही करते. तर ह्यो म्हनतो कसा, "इंग्रजी कागदावर मराठी सही चालत न्हाई, अंगठाच लागतो." आमी खुळे, आमाला खरंच वाटलं. मीच तव्याची काजळी दिली, माझ्या हातानं. तिनं अंगठा उठवला. खालची कार्बनची परत भावजींच्या हातात दिऊन म्हनला, "मामा, जपून ठिवा." बघा उर्मटपना!

महिन्यात त्यानं दुसरी केली, मॅट्रिक झालेली. आन् कागद दावत सुटला, पहिली आपल्या मर्जीनं घर सोडून गेली म्हनून. आडावर बाया पोरीला 'पळालेली' म्हनायला लागल्या. एकीच्या तर मी झिंज्याच उपटल्या, पर कितीजनींच्या उपटनार?

मनकर्णा चार दिस जेवली न्हाई. पाचव्या दिशी म्हनली, "काकी, मी इंग्रजी शिकनार. ज्या भाषेत त्यानं मला हाकललं, त्याच भाषेत त्याची नोकरी घालवीन."

पलीकडच्या आळीत आबासाहेब मास्तर हुते, हायस्कुलातनं रिटायर झालेले, एकटेच. मनकर्णानं त्यांना रोज दोन भाकरी करून द्यायच्या, आन् त्यांनी तासभर शिकवायचं. दोन वर्सं! बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेली, तरी वही वटीत. मी चेष्टा करायची, "मडमे, भाकरी करपली बघ."

एकदा ती 'हॅव'पाशी अडली. मी जवारी निवडत तिथंच बसले हुते. मास्तर म्हनले, "'तो गेला' म्हनलं की गेला, इषय मिटला. 'तो गेलाय' म्हनलं की अजून गेलेलाच हाय, जागा रिकामी हाय. इंग्रजीत तिथं हॅव लावायचा, न्हाईतर हॅज."

मनकर्णानं दोन्ही वहीत लिहून घेतलं. मंग म्हनली, "डाग पडला आन् डाग पडलाय, आसंच का?"

"आसंच," मास्तर म्हनले.

त्याच दिशी तिनं पेटीतला त्यो कार्बनचा कागद काढला. 'आय हॅव लेफ्ट माय हजबंड' ह्यावर बोट ठिवून म्हनली, "काकी, मी गेलीय म्हनं. अजून गेलेलीच हाय म्हनं." तिचं नाक लाल झालं हुतं. मंग कोनत्या दिशी गेली, ती तारीख. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, म्हनून आजवर कळली नव्हती; मास्तरांना ती कागद दावायची न्हाई, माझा मीच वाचीन म्हनायची. मास्तरांकडं जुनी पंचांगं हुती. सत्तरचं काढलं आन् पोरगी दोन वर्सांनी खदाखदा हसली.

"मुडद्यानं पंचमीची तारीख टाकली! काकी, पंचमीला कुठली लेक माहेरी जात न्हाई गं?"

तिनं आपल्या हातानं त्याच्या सायबाला इंग्रजी अर्ज लिहिला. मी नवरा सोडलेला न्हाई, त्यानंच दुसरी केलीय, आन् पंचमीला मला माझा बाप मुऱ्हाळी यिऊन घिऊन आला. पहिलीनं सोडचिठ्ठी दिलेली नसताना दुसरी केली तर सरकारी नोकराची नोकरी जाती, हे मास्तरांनी सांगितलंच हुतं.

महिन्यानं राधाकृष्ण दारात. आला त्यो पेढे, टाईप केलेला कागद आन् शिक्क्याची शाईची डबी घिऊन. डबी! ही परत अंगठाच लावनार, ह्या भरवशावर आला हुता. उंबऱ्यात टेकून म्हनला, "अर्ज कुन्या वकिलानं लिहिला, त्याचं काही न्हाई. पर सायेब इचारतो, पंचमीला कोन नवरा सोडतं? माझी बहीन बी पंचमीलाच येती म्हनतो. मला जबाब देता आला न्हाई. एवढ्यावर अंगठा दे, माझी नोकरी वाचंल."

मनकर्णानं कागद घेतला आन् आख्ख्या आळीला ऐकू जाईल आसा वाचला. इंग्रजी एक वळ, मराठी एक वळ. कागदात हुतं, माझी काही तक्रार न्हाई, माझा अर्ज खोटा हाय. आडावरच्या बाया घागरी ठिवून ऐकत हुत्या. त्याचं त्वांड शेनानं सारवल्यागत झालं.

तिनं त्यो कागद चुलीत घातला आन् वहीतला आपला कागद काढला. मी खोटं बोललोय, मी तिला फसवलंय, मी दुसरी केलीय. सगळं इंग्रजीत. म्हनली, "ह्याच्यावर अंगठा लावा. मंग बोलू."

"सही करतो की."

"न्हाई. इंग्रजी कागदावर अंगठाच लागतो. आन् वाचून घ्या. मला तेवढा बी येळ दिला नव्हता तुमी."

त्यानं वाचला. आपल्याच डबीत अंगठा बुडवून उठवला आन् म्हनला, "आता अर्ज मागं घे."

"मी मागं घेते, आसं कवा म्हनले?" मनकर्णा म्हनली. "ह्यो बी कागद उद्या सायबाला दिऊन येते."

त्यो उठला, दाराची चौकट धरून वहाना घातल्या आन् गेला. मला दया आली का? तसूभर न्हाई. पेढे मी कुत्र्याला घातले.

त्याची नोकरी गेली. 'पळालेली' म्हननाऱ्या बाया आता मनकर्णाकडनं अर्ज लिहून नेत्यात. त्या दिवाळीला मी घराला चुना दिला, चौकट पुसायला घेतली, तर तिनं माझा हात धरला. तिथं त्याचा निळा अंगठा उमटला हुता.

"तेवढा ऱ्हाऊ दे, काकी," म्हनली.

अजून हाय.