टाकी कुणी भरली?

सेलूत मला कुणीही चहा पाजावा आणि गोष्ट मागावी. हातवारे, आवाज, मधेच उठून उभं राहणं, सगळं त्यात आलं. पण एक गोष्ट मी अकरा वर्षं खोटी सांगत आलो. खरी कुणालाच ठाऊक नाही. बायकोला नाही. बहिणीला तर नाहीच — तिच्यापासूनच तर लपवली. कुणालाच ठाऊक नाही, असं निदान मी धरून चाललो होतो.

गोष्ट माझ्या दाजींची. मिलिंद दाजी, माझ्या धाकट्या बहिणीचे, सुजाताचे मालक. मागच्या वर्षी गेले. बावीस वर्षं समुद्रात, तेलाच्या रिगवर काम केलं, तिथं साधं खरचटलं नाही, आणि घरी आरशासमोर दाढी करता करता गेले. अर्धी दाढी राहिली होती. हे मी गमतीनं सांगत नाही. आहे ते असं आहे.

अठ्ठावीस दिवस रिगवर, अठ्ठावीस दिवस घरी — असं त्यांचं आयुष्य. घरी असले की दोन्ही पोरींच्या वेण्या तेच घालायचे, यंत्राच्या ग्रीसमध्ये काम केलेल्या त्या जाड बोटांनी, आणि इतक्या ताणून की पोरींचे डोळे तिरपे व्हायचे. आणि गाडी. जुनी, टू-स्ट्रोक, काळी, चांदीसारख्या टाकीची. रेल्वेतून उतरायचे, घरी जायचे, पोरींना कडेवर घ्यायचे, अंघोळ करायचे, आणि तासाभरात गाडी घेऊन चांदभाईच्या गॅरेजवर. दोघं कार्बोरेटर खोलून फडक्यावर मांडायचे आणि अर्धा दिवस त्याच्याकडे बघत बसायचे. बोलणं फार नाही. मला त्या दोघांचं तेच कळत नसे — न बोलता माणसं इतका वेळ बसतात कशी?

आता थोडी यंत्राची माहिती, कंटाळू नका. टू-स्ट्रोक गाडीत इंजिनाचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. विसरलात की इंजिन जाम. म्हणून दाजींनी किल्लीला लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती: ‘आधी ऑईल, मग पेट्रोल. मिलिंद.’ रिगवर तशी पद्धत आहे म्हणायचे. कुणी यंत्रावर काम करत असला की आपल्या नावाची चिठ्ठी लावतो. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, साहेब आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

मी सोडली.

अकरा वर्षांपूर्वी एकदा दाजींनी गाडी सर्व्हिसिंगला टाकली आणि ते रिगवर गेले. चांदभाईकडून ती आणायची, आणि दर रविवारी दारातच दहा मिनिटं चालू करून बंद करायची, एवढंच माझं काम. पण चारठाण्याला एका मित्राकडे साखरपुडा होता, आणि तिथं मी एसटीतून उतरून चालत जाणार? मी? गाडी काढली. ती लाल चिठ्ठी गुडघ्यावर आपटत होती, बाजारात विकायला आणलेल्या बकरीच्या गळ्यात असते तशी दिसत होती — सोडली आणि खिशात घातली.

वाटेत पंपावर थांबलो. पंपावरचा काळेमामा ओळखीचा, त्याला एक गोष्ट सांगायला घेतली. ऐन रंगात आली होती. तो म्हणाला, “ऑईल किती टाकू?” मी हात केला — थांब जरा, पुढं ऐक. त्यानं ऐकलं. पोट धरून हसला. टाकी फुल्ल झाली, मागं दुसरी गाडी हॉर्न वाजवायली होती, आणि मी निघालो. चारठाण्याच्या अलीकडे इंजिन असं जाम झालं की मागचं चाक घासत गेलं आणि मी कडेच्या कापसाच्या रानात.

दाजी आले तेव्हा गाडी टेम्पोतून आणून दारात उभी केलेली. त्यांनी ओरडाआरडा केला नाही. टाकीचं झाकण उघडून वास घेतला फक्त.

“टाकी कुणी भरली, प्रकाशराव?”

सुजाता चहा घेऊन उभी होती. पोरी बघत होत्या. आणि मी — एवढा बोलणारा माणूस — एकच शब्द बोललो.

“चांदभाईनं.”

“आन् चिठ्ठी?”

“ती बी त्याच्याकडंच राहिली असंल.”

चिठ्ठी माझ्या खिशात होती.

दाजी चांदभाईकडे एकदा गेले. तो म्हणाला, मी टाकी भरलीच नाही. दाजी परत आले आणि ओट्यावर बसून बुटाची नाडी सोडत मला म्हणाले, “चूक कुणाची बी होती. आमच्याकडं रिगवर चूक सांगणाऱ्याला कुणी काही म्हणत न्हाई. लपवणाऱ्याला मात्र पुढच्या हेलिकॉप्टरनं घरी धाडतेत.” मी मान हलवली. कशी हलली ती मान?

गाडी परभणीहून दुरुस्त होऊन आली. चांदभाईच्या गॅरेजवर दाजी पुन्हा गेले नाहीत. सुट्टीत एकटेच अंगणात कार्बोरेटर मांडून बसायचे.

इथं थांबलो असतो तर गोष्ट लहान राहिली असती. पण मी ती सांगायला लागलो! तेलाच्या विहिरीवरचा माणूस आणि त्याचीच गाडी तेलावाचून मेली — असा मालमसाला हातचा कोण सोडेल? चांदभाईच्या तोतऱ्या सबबी मी स्वतः रचल्या, त्याचा आवाज काढला. तो तोतरा बोलत नाही. गाव हसलं. लोक त्याच्या दुकानात गाडी घ्यायला गेले की विचारायचे, “ऑईल टाकलं ना, भाई?” हळूहळू विचारणारेही कमी झाले. आता तो पंक्चर काढतो.

दाजींच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाली, आणि लोक एकेक करून आठवणी सांगू लागले. सुजाता माझ्याकडे वळून म्हणाली, “दादा, ती गाडीची गोष्ट सांग ना. सगळे नुसते रडायलेत.” मी उठलो. शेवटच्या ओळीत चांदभाई बसला होता, हातात फुलं घेऊन. मला तो दिसला. आधीच दिसला होता, हे लिहिलंच पाहिजे. खरं सांगायला याहून चांगली जागा कोणती होती?

मी जुनीच गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही, ‘एक मिस्त्री’ म्हणालो. माना मागं वळल्या. लोक हसले, सुजाता हसली — पंधरा दिवसांत पहिल्यांदा. चांदभाईसुद्धा हसला. मग त्यानं फोटोला फुलं वाहिली.

बाहेर चपला घालताना तो माझ्या शेजारी आला. हळू बोलला, इतरांना ऐकू जाणार नाही असं.

“अच्छी सांगता तुमी, प्रकाशभाई. पर पंप नाही आला गोष्टीत. काळेमामानं मला तवाच सांगितलं होतं.”

“मग दाजींना का नाही...”

“क्या बोलता? घर का मामला.”

आणि गेला.

लाल चिठ्ठी माझ्या कपाटात आहे, दाजींच्या अक्षरातली. ज्यानं बांधली तो आता नाही. सुजाता हे वाचेल, पोरी वाचतील, वाचू देत.

चांदभाईनं नाही. टाकी मी भरली होती.