स्लाइडवरची टिकली

असले अनुभव मी आजवर नुसते वाचून पान उलटत आलो. शाळेत विज्ञान शिकवलं, बाकी वेळ पुस्तकांत गेला. त्यामुळे हे जसं घडलं तसंच लिहितोय...

चिखलीत आमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. माझी पत्नी सुमन ती चालवायची. मशीनने आकडे दिले तरी रक्ताची प्रत्येक स्लाइड ती स्वतः मायक्रोस्कोपखाली बघायची. शंकेची पेशी दिसली की कपाळावरची बारीक मरून टिकली काढून काचेला खालून, त्या जागेशेजारी चिकटवायची. मार्कर पेन हाताशी असला तरी.

मागच्या वर्षी ती गेली. आता लॅब आमची मुलगी मृणाल बघते. ती टिकली लावत नाही, आणि सुमनच्या टिकल्या मीच बहिणीला देऊन टाकल्या होत्या.

उन्हाळ्यात अमडापूरचे सलीमचाचा आले – शिलाईकाम करणारे. रक्तातल्या सगळ्याच पेशी कमी, प्लीहा वाढलेली. हाडातली मज्जा सुईत येईना.

"किती खेप टोचसान, बाई? आंगात आता चहाच उरला."

"मग साखरही तपासते, चाचा," मृणाल म्हणाली.

ते गेल्यावर मात्र ती पुन्हा त्यांच्या रक्ताच्या स्लाइडवर वाकली. "स्लाइड दोनदा पाहिली, बाबा. मज्जाच सुकली, असं लिहू का? चुकलं तर इलाज भलताच होईल."

"आधी जेवून घे," मी म्हणालो. कुलूप मीच लावलं. किल्ली माझ्या खिशात होती.

परतलो तेव्हा स्लाइड मायक्रोस्कोपवरच होती. मृणालने ती उचलली... खालून मरून टिकली.

"बाबा, तुम्ही?"

मी नकारार्थी मान हलवली. तिने स्लाइड परत ठेवून टिकलीशेजारची जागा मायक्रोस्कोपखाली पाहिली.

"एकच पेशी आहे... कडेला केसांसारखे तंतू. दुर्मिळ ब्लड कॅन्सर असू शकतो. यात मज्जा सुईत येत नाही."

पण एवढ्यावर तिने रिपोर्ट लिहिला नाही. हाडाचा तुकडा काढला, त्याचे पातळ काप रंगवून तपासले, पुढच्या तपासण्या नागपूरहून करून आणल्या. तेच निघालं. आईची खूण असली तरी पडताळून बघायची – हे तिला सुमननेच शिकवलं होतं. मला अभिमान वाटला तो याचा. दोघींचा.

इलाज लागू पडला. सलीमचाचा पेढे घेऊन आले.

"कोनं पकडली ही बिमारी?"

"आईनं दाखवली. मी तपासली."

चाचांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. "हाव, त्याइची नजर लय तेज होती."

स्लाइड आम्ही जपून ठेवली आहे. टिकली कुठून आली, ते मला अजून सांगता येत नाही. मृणालने ती काढलेली नाही.