सुनेचं बिनतेलाचं पाणी

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर टमाटे वाटले. ती पाट्याशी बसली होती. मी समोर बसून लिंबं पिळत होतो आणि कुरकुरत होतो.

"बिया पडू देऊ नका त्यात," ती म्हणाली.

"पडल्या तर पडल्या. तेवढीच चव."

"तोंड पाहा कसं झालं. तेलासाठी लेकरू रुसते का असं?"

टमाटा, काकडी, कोथिंबीर, आल्याचा तुकडा, वरून लिंबू. मीठ नावाला. हे असं पाणी, कधी लाल तर कधी हिरवं, आमच्या घरात मागच्या वर्षापासून रोज होत होतं. सून त्याला सॅलडचं ड्रेसिंग म्हणते. मी सुनेचं पाणी म्हणतो.

झालं होतं असं की माझ्या छातीत दुखलं. शहरातल्या डॉक्टरनं तेल बंद सांगितलं. नातवाच्या वयाचा पोरगा तो, खुर्ची गरगर फिरवत बोलला. आमच्याकडे पिठल्यावर, ठेच्यावर कच्च्या जवसाच्या तेलाची धार पडली नाही तर त्याला कोणी जेवण म्हणत नाही. हे त्याला काय कळणार? त्यानं कागद लिहिला आणि पुढचा पेशंट बोलावला. माझी फाईल पोटाशी धरून ही बाजूला स्टुलावर बसली होती. तिला कोणी काही विचारलं नाही. तिच्या छातीला कोणी नळी लावली नाही.

मग नांदुऱ्याहून सून आली, मोबाईल घेऊन. त्यात एक बाई काचेच्या भांड्यात काहीबाही फिरवत होती.

"मामाजी, हे कोबीवर टाकून खायचं. बाहेरच्या देशातले लोक हेच खातात."

"मंग ते मरत नाहीत काय?"

सुनेनं मोबाईल सासूपुढं धरला. ही डोळे बारीक करून मोबाईल पाहत राहिली. दुसऱ्या दिवसापासून सुरू. हिवाळ्यात संत्र्याचा रस आणि आलं, उन्हाळ्यात काकडी आणि पुदिना. एकदा पेरू वाटला, तो दातात कचकच करत होता. मी म्हटलं, "हे ढोराच्या खुराले लाव." ती हसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पेरूच वाटला.

कच्चा कोबी मी खाल्ला नाही. बैल आहे का मी? भाकर कुस्करायची, वर ते पाणी ओतायचं, काला करायचा. तीही तेच खायची. तिला कोणी तेल बंद केलं नव्हतं. मी म्हणायचो, "तू काऊन खाऊन राह्यली? तू घे ना तेल."

"घरात दोन सैपाक कोन करन?"

टमाटे वाटले त्या दुपारी आम्ही जेवलो. उरलेलं तिनं वाटीत काढलं, वर ताटली झाकली. म्हणाली, संध्याकाळी होते. मग भांडी घेऊन न्हाणीकडे गेली आणि तिथंच भिंतीला टेकून बसली. गाडी येईपर्यंत संपलं होतं. मुलगा-सून आले. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवून परत आलो.

ओट्यावर माणसं जमली होती. शेजारचा चहा पीत एक जण म्हणाला, सवाष्ण गेली, नशीबवान. बाकीच्यांनी माना हलवल्या. अशा माना हलवायला अक्कल लागत नाही.

आत बायका रीतीप्रमाणे पाण्याचे माठ, गुंड उपडे करत होत्या. मेल्याच्या घरातलं पाणी आणि शिजलेलं अन्न ठेवत नाहीत. शेजारच्या म्हातारीनं ती वाटी उचलली.

"ठेवा ते खाली," मी म्हटलं.

"भाऊजी, शिजलेलं ठेवत नाहीत घरात."

"शिजलं कुठं? टमाटा-काकडी आहे. चुलीवर गेलंच नाही. टोपल्यातले कांदे फेकून राह्यल्या का तुमी?"

म्हातारी वाटी धरून उभी राहिली. तिनं सुनेकडे पाहिलं. हिच्या हातचं घरात एवढंच उरलं होतं, आणि ते आता उकिरड्यावर जाणार होतं.

"हाव, मावशी," सून म्हणाली. "कच्चंच राहते ते."

आमच्या घरात आल्यापासून ती पोरगी पहिल्यांदा कामाचं बोलली.

"सकाळपर्यंत नासन," म्हातारी पुटपुटली.

"नासू द्या."

मग कडू घास आला. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजाऱ्यांनी पिठलं-भाकर आणली होती. पिठल्यावर तेलाचा तवंग, बोट बुडेल एवढा. वर्षभर मी ज्याच्यासाठी भांडलो ते समोर होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, आज खा. आज काही होत नाही." म्हणजे डॉक्टरचा कायदाही आज सुट्टीवर होता. मी रीतीपुरता एक घास तोंडाला लावला आणि ताट सरकवलं.

सकाळी मंडळी उठायच्या आत मी वाटी घेतली. वर बारीक फेस आला होता, आंबूस वास येत होता. जवसाच्या तेलाची बाटली फळीवर होती, हात पुरेल एवढ्यावर. टोकणारं कोणी नव्हतं. रात्रीची उरलेली भाकर कुस्करली, त्यावर ते पाणी ओतलं. मधेच लिंबाची एक बी दाताखाली आली, कडू.

ते चांगलं लागत नव्हतं. आधीही कधी लागलं नव्हतं. मी सगळं खाल्लं.