शांताला दिलेलं इतिहासाचं पुस्तक

सातवीच्या सहामाहीत मी इतिहासात नापास झाले, तेव्हा अकोल्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला नवल वाटलं. साठ-एकसष्ट साल असेल. रोज सकाळी ओट्यावर बसून मी इतक्या मोठ्यांदा घोकायचे की शेजाऱ्यांचे धडे पाठ झाले असतील… कोरी राहिले ती मीच!

बाबांनी एकच सांगितलं, "वार्षिकले नापास झाली तं शाळा बंद." माझी पाचावर धारण बसली.

त्याच आठवड्यात वर्गातली शांता माझं इतिहासाचं पुस्तक मागायला आली. तिची आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, सगळी पुस्तकं घेणं त्यांना जमायचं नाही. तरी नुसतं ऐकून तिचा नंबर वर असायचा… माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मी अट घातली. पुस्तक दुपारी न्यायचं, दिवेलागणीच्या आत आणायचं, आणि वाचलेला धडा न बघता मला सांगायचा. तिची फजिती बघायची होती, दुसरं काय…

शांता गोष्ट सांगितल्यासारखा धडा सांगायची. "हे पाय, राजा गेला लढाईले, अन् खजिना रिकामा. मंग सैन्य काहून थांबन त्याच्याजवळ?" पुस्तक उघडून मी चूक शोधायचे, सापडायची नाही. उद्या हिला पकडायचंच म्हणून ती सांगणार तो धडा सकाळी आधीच वाचून आडवेतिडवे प्रश्न काढून ठेवायचे. घोकणं कधी सुटलं, कळलंच नाही.

वार्षिकला इतिहासात पासष्ट मार्क पडले! बाबांनी आणलेले पेढे घेऊन मी शांताकडे पळाले. म्हटलं, "तुयामुळं पास झाली मी! कित्ती मजा ये ना आपल्याले?"

तिनं पेढा हातातच धरून ठेवला. मग म्हणाली, "तुले मजा ये… मले तं रोज भेव वाटे. एखांदं चुकलं, अन् तू पुस्तक देणं बंद केलं तं?"

इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती. माझी शाळा जिच्यामुळे वाचली, ती माझ्यासमोर रोज धास्तावून बसत होती… आणि मला पत्ताच नव्हता.

आठवीपासून पुस्तकं दोघींची झाली. पुढे मी शिक्षिका झाले. मूल धडा सांगायला उभं राहिलं की आधी म्हणायचे, "चुकलं तं चुकू दे, पुस्तक तुयंच आहे." हे मी कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले नाही… शांताकडून शिकले.