मिसेस पेटवे ओ देत नाहीत

हॉस्पिटलने ठरवूनच टाकलं होतं की मिसेस पेटवेंचं डोकं चालत नाही. वय सत्त्याहत्तर, पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून हाक मारली तरी ओ नाही. सोमवारी त्यांना विसरभोळ्या म्हाताऱ्यांच्या होममध्ये हलवणार होते. तिथून घरी परतलेलं माणूस माझ्या ऐकिवात नाही. त्यांच्या मागेपुढे कुणी नव्हतं. तीन दिवस भेटायला बंदी होती. शनिवारी लोकांना आत सोडायला लागले तशी मी गेले.

मी अलाबामात आले ती २००१ साली, बँकेच्या सॉफ्टवेअरसाठी. रविवार खायला उठायचा, म्हणून शेजारच्या, काळ्या लोकांच्या चर्चच्या जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायला घेतल्या. वह्या सांभाळायच्या मिसेस पेटवे. अमेरिकेत साहेबालासुद्धा नावाने हाक मारायची, असं पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला पढवलेलं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "हाय, अर्नेस्टीन!" बाईंनी मान वर केली नाही. तीनदा हाक मारली. मला रागच आला.

मग त्यांनी १९६३ची वही पुढे सरकवली. प्रत्येक नावाआधी मिस्टर, मिसेस नाहीतर मिस.

"माझी आई लाँड्रीत होती," त्या म्हणाल्या. "मालकाचा सहा वर्षांचा पोरगा तिला नुसत्या नावाने 'लुला' म्हणायचा. दुकानात, कोर्टात, दवाखान्यात, कुठेच आम्ही मिसेस नव्हतो. फक्त इथे होतो."

इंग्रजीत अरे-तुरे नाही, असा माझा समज होता. होतं की, कातडी बघून होतं. काळ्यांच्या हक्कांसाठी मोर्चे निघायचे त्या दिवसांत याच चर्चच्या तळघरात पास्टर शिकवायचे: गोऱ्याने नुसत्या नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. मिसेस पेटवे तेव्हा त्याच लाँड्रीत होत्या. त्यांनी ओ दिली नाही, आठवड्यात नोकरी गेली. पुढची चाळीस वर्षं त्या चर्चच्या कचेरीत बसल्या.

हॉस्पिटलात कोवळी नर्स होती, तीही काळीच. ती वाकून लाडाने म्हणाली, "अर्नेस्टीन, हनी, हे साल कोणतं?" बाईंचे डोळे मिटलेले. नर्सने कागदावर फुली मारली. माझं डोकंच फिरलं.

"मिसेस पेटवे म्हणून बघा," मी म्हटलं. "एकदाच."

तिने खांदे उडवले. "मिसेस पेटवे, हे साल कोणतं?"

"दोन हजार चार." डोळे उघडले. "आपण कोण?"

"टीशा."

"ते पाळण्यातलं झालं. आडनाव?"

नर्सने फुली खोडली, कागद खाली ठेवला आणि सरळ उभी राहिली.

"हेअरस्टन," ती म्हणाली. "मिस हेअरस्टन."