नवतपातला काढा

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या उन्हाळ्यात आमच्या घरचा आरोग्यमंत्री मी होतो. कोणी नेमलं नव्हतं. हिंगणघाटच्या बाजारात माझं साड्यांचं दुकान आहे. ऐन लग्नसराईत त्याचं शटर खाली होतं, आणि दिवसाचे दहा तास बोलायची सवय असलेला माणूस घरी बसला की कोणावर तरी राज्य करायला लागतो. घरात माणसं तीन: मी, बायको आणि सत्तरी ओलांडलेली आई. बायको कोणाचं ऐकणाऱ्यातली नाही. राहिली आई.

साडीच्या खोक्याच्या झाकणावर मी जाड पेनानं वेळापत्रक लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवलं. उठल्याबरोबर गरम पाणी, सातला काढा, दहाला वाफारा, दुपारी पुन्हा गरम पाणी, चारला काढा, झोपताना हळदीचं दूध. काढा मी स्वतः करायचो. सुंठ, मिरे, लवंग, दालचिनी, तुळस, गुळवेलीची कांडी, आणि गॅसवरच्या गंजातलं पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं. मोबाइलवर नवा संदेश आला की त्यात एक जिन्नस वाढायचा. शेवटी शेवटी तो काढा इतका जहाल झाला की पहिल्याच घोटाला डोळ्यांत पाणी यायचं.

"रिकामा न्हावी भिंतीले तुंबड्या लावते," बायको म्हणाली. ती आपल्या वाट्याचा काढा मोरीत ओतत होती हे मला फार उशिरा कळलं.

आई मात्र प्यायची. तिचं तोंड आलं, भाजीचं तिखट सोसेना, तरी प्यायची. पोरगा शिकलेला, मोबाइलवर वाचून सांगतो, म्हणजे खरंच असणार. पेला रिकामा झाला की उलटा करून मला दाखवायची.

यादीतलं शेवटचं कलम माझ्या स्वतःच्या डोक्यातलं होतं: थंड सगळं बंद. माठ उपडा घातला आणि कूलरची पिन काढून ठेवली. थंडानं सर्दी होते, सर्दीनं घसा धरतो, आणि घसा धरल्यावर पुढे काय होतं ते मी रोज टीव्हीवर पाहत होतो. आमच्या गल्लीतून एका आठवड्यात दोन माणसं दवाखान्यात गेली ती परत आली नाहीत. मी भ्यालो होतो. आई जाईल, या एकाच विचारानं माझी झोप उडाली होती. ते घरात कोणाला सांगितलं नाही. त्याऐवजी नियम केले.

आमच्याकडे कूलर ही चैन नाही. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत माणूस त्याच्यासमोरच जगतो. आईची खाट वर्षानुवर्षं कूलरसमोर असायची आणि त्यात पाणी भरायचं काम ती दुसऱ्या कोणाला करू देत नसे.

"घडीभर तरी लावून दे ना रे," ती म्हणायची. "जीव घाबरून राह्यला माया."

"नाही आई. सर्दी झाली तर काय करायचं?"

"बरं बापा."

मग ती पदराचं टोक ओलं करून मानेवर ठेवायची. मी दिसलो की काढून घ्यायची.

नवतपा लागला. मे महिन्याच्या अखेरचे हे नऊ दिवस आमच्याकडे सगळ्यांत वाईट. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तिसऱ्या दिवशी आईला ताप भरला. एकशे दोन.

ज्याची भीती होती ते आलं, असं मी धरूनच चाललो. तपासणीला तिचा नमुना देऊन आलो. अहवाल दोन दिवसांनी मिळणार होता. तोवर तिला वेगळं ठेवायचं, आणि वेगळी मोरी असलेली खोली घरात एकच, गच्चीवरची. तिच्यावर टिनाचं छत. आई कठड्याला धरून जिना चढली. मी चार पायऱ्या मागे होतो. अंतर ठेवायचं होतं.

बायकोनं तेव्हाच सांगितलं होतं. ती वडनेरच्या शेतकरी घरची. "ऊन लागलं असन त्यायले. आमच्या वावरात बाया अशाच पडतात."

"घरात बसलेल्या माणसाला ऊन कसं लागेल?" मी विचारलं. माझ्या मते हा प्रश्न बिनतोड होता.

ते दोन दिवस मी कामाला लागलो होतो. दारात स्टूल, स्टुलावर ताट, ताटाशेजारी वाफाळता काढा. ऑक्सिजन मोजायचं यंत्र ती आपल्या हातानं बोटाला लावायची आणि आकडा ओरडून सांगायची. ताप मी हात लांब करून कपाळासमोर ताप मोजायची बंदूक धरून पाहायचो. सगळं वहीत लिहीत होतो. ऑक्सिजन सत्त्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव. ताप एकशे दोन, एकशे तीन. काढ्याचा पेला तसाच राहिला की मी दारातून रागवायचो.

"काढा पुरा घे, आई."

"घेतो ना बापा. जराशाक पडू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टूल सरकवलं तेव्हा तिनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहून ओळखीचं हसली. पाहुण्याकडे पाहून हसतात तसं.

"बसा," म्हणाली. "पोरगा दुकानात गेला हाय. आला का सांगतो त्याले."

मी तोंडावरची पट्टी खाली ओढली. "आई, मी आहे."

"हो हो. येईनच आता. बसा."

गच्चीवरूनच मी वर्ध्याच्या एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि वहीतले दोन दिवसांचे सगळे आकडे वेळेसकट वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "घाम येतो का त्यांना?"

मी वहीत पाहिलं. खरंच पाहिलं, पानं उलटून. तिथे ते नव्हतं. ते कळायला माणसाला हात लावावा लागतो.

बायको जिन्यात उभी राहून ऐकत होती. ती मला बाजूला सारून आत गेली. पट्टी नाही, हातमोजे नाहीत. आईच्या पाठीवर तळवा ठेवला, मग मानेवर, मग काखेत.

"सुक्कं हाय अंग," ती म्हणाली. "तव्यावानी तापलं. उचला यायले."

मी आईला उचललं. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला हात लावत होतो. ती एवढी हलकी झाली होती हे मला माहीत नव्हतं. खाली आणलं, ओल्या चादरीत गुंडाळलं, बायकोनं कूलरची पिन लावून त्यात बादल्या ओतल्या. डॉक्टरीणबाई फोनवरून सांगत होत्या, भिजवत राहा, वाट पाहू नका, दवाखान्यात न्या. ऑटोत पूर्ण रस्ताभर मी तिच्या डोक्यावर पाणी शिंपडत होतो आणि तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

तीन दिवस सलाईन चाललं. पहिल्याच संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या मोबाइलवर तपासणीचा अहवाल आला. कोरोना नव्हता. देवाला हात जोडावे अशी ती बातमी, आणि मला मान वर करवत नव्हती. आजारानं माझ्या आईला काही केलं नव्हतं. केलं ते मी केलं होतं.

घरी आल्यावर तिला नीट बसवलं, कैरीचं पन्हं दिलं आणि सांगून टाकलं. "आई, तुला कोरोना नव्हता. ऊन लागलं होतं. माझ्यामुळे लागलं."

"काई तरी सांगतं," ती म्हणाली. "घरात कुठी ऊन लागते का?"

तिला ते पटलं नाही ते नाहीच. बाजार उघडल्यावर दुकानात आलेल्या बायांना ती ठासून सांगायची, "मले कोरोना झालता. पण माया पोरानं काढे पाजून पाजून वाचवलं." माझी बायको शेजारी साड्यांच्या घड्या घालत असायची. ती माझ्याकडे एकदा पाहायची आणि काही बोलायची नाही. तिच्या स्वभावात न बसणारं हे एवढं एकच काम तिनं माझ्यासाठी केलं आहे.

पुढच्या वर्षी पुन्हा नवतपा लागला. दुपारी कूलरसमोर आडवा पडलो असताना मला खोकल्याची उबळ आली. दोनदाच खोकलो असेन. थोड्या वेळानं आई स्वयंपाकघरातून वाफाळता पेला घेऊन आली. माझाच काढा, एकही जिन्नस न विसरता. ती दारात थांबली नाही. सरळ खाटेशी आली, आधी माझ्या कपाळावर हात ठेवला, मग मानेवर, आणि मग पेला हातात दिला.

"पुरा घेजो," म्हणाली.

मी पुरा घेतला आणि पेला उलटा करून तिला दाखवला.